इसलला कोणी सांगितलं

डोळ्यांच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर मोजायचं म्हणजे पट्टी गिऱ्हाइकाच्या नाकावर टेकवून अगदी त्याच्या तोंडाशी तोंड न्यावं लागतं. बारा वर्षं हेच काम करून सोनजूला माणसांचे डोळे दिसेनासे झाले होते, दिसायचे ते फक्त मिलिमीटर. त्या मंगळवारी दुपारी चष्म्याच्या दुकानात आलेल्या साठीच्या बाईंना ती नेहमीच्या सुरात सांगत होती, "माझ्या या डोळ्याकडे बघा मावशी... आता या." आणि बाईंच्या डाव्या बुबुळात, खालच्या कडेला, तिळाएवढा काळा ठिपका तिला दिसला. पट्टी सरकली. तिनं ती पुन्हा टेकवली, पुन्हा मोजलं, कागदावर आकडा लिहिला, आणि आपणच लिहिलेला आकडा आपल्याला वाचता येत नाहीये हे तिच्या लक्षात आलं. असा ठिपका तिनं आयुष्यात एकाच डोळ्यात पाहिला होता, इसलच्या. सतरा वर्षांपूर्वी, हातभर अंतरावरून, सलग पाच महिने. त्या डोळ्याच्या पापण्यांना एकही केस नव्हता. औषधांनी पापण्या झडल्या की डोळा उघडा पडतो, त्याला लपायला जागा राहत नाही, आणि समोरच्या खाटेवर पडलेल्या माणसाला त्यातलं सगळं दिसतं.

"झालं का गं?" बाईंनी विचारलं. "झालं," ती म्हणाली. फॉर्मवर नाव होतं चू ओकबुन. ते नाव तिनं कधीच ऐकलेलं नव्हतं, आणि ऐकलेलं असणं शक्यच नव्हतं, कारण रुग्णालयाच्या त्या वॉर्डात कुठल्याच आईला नाव नव्हतं. ही इसलची आई, ती सोनजूची आई. नर्ससुद्धा तशाच हाका मारायच्या. बाईंनी चौकटींच्या कपाटाकडे बघून हात हलवला. "असू दे, असू दे, भारीतलं काही नको, मला कुठं लग्नाला उभं राहायचंय." आणि तो आवाज, जरासा घोगरा, उल्सानच्या बंदरावरच्या बायकांचा, शब्द पुढं ढकलत बोलणारा, थेट सोनजूच्या पाठीच्या कण्यात उतरला. बाईंनी तिला ओळखलं नव्हतं. ओळखणार कशा? सतरा वर्षांची सोनजू म्हणजे तुळतुळीत डोकं, गोळ्यांनी सुजून टम्म झालेलं तोंड आणि डोळ्यांपर्यंत ओढलेला मास्क. त्या मुलीला नंतर कुणीच कधी रस्त्यात ओळखलं नव्हतं. ती मुलगी जणू तिथंच राहिली होती आणि तिच्या जागी कुणी दुसरीच घरी आली होती.

मग तिनं बाईंना आतल्या अंधाऱ्या खोलीत नेलं, हनुवटी यंत्रावर टेकवायला लावली, आतल्या चित्रात रस्त्याच्या टोकाचा फुगा दिसतो का विचारलं, एकामागून एक काचा बदलल्या. "आता बरं दिसतं की आधी बरं होतं?" "आधी." "आणि आता?" "सारखंच." अंधारात तिला स्वतःचा श्वास ऐकू येत होता. उजवा डोळा काही केल्या साफ दिसेना. "मावशी, इथं मोतीबिंदू धरायला लागलाय असं वाटतंय. डोळ्यांच्या डॉक्टरांना एकदा दाखवा." बाईंची हनुवटी यंत्रातच होती, त्यामुळं त्या दात मिटूनच बोलल्या. "डॉक्टर नको. एका डॉक्टरच्या जिभेनं माझी पोर गेली. तेव्हापासून मी त्या लोकांच्या दारात पाऊल ठेवलेलं नाही. दाढ दुखली तरी मिठाच्या पाण्यानं चूळ भरते." सोनजूनं दिवा लावला. "गुरुवारी चष्मा तयार होईल," ती म्हणाली. बाई गेल्या. लेकीकडं, म्हणजे धाकट्या लेकीकडं, त्या आता इथं देगूत राहायला आल्या होत्या, दोन गल्ल्या सोडून. एवढ्या मोठ्या शहरात दोन गल्ल्या.

वॉर्ड लहान मुलांचा होता. छतावर ढग रंगवलेले, दारावर उंची मोजायचा जिराफ, रक्तदाबाच्या पट्ट्यावर अस्वल. हाडांचा तो कर्करोग लहान वयात होणारा म्हणून एकोणीस वर्षांच्या इसलला तिथं ठेवलं होतं, आणि तिचे पाय खाटेबाहेर वीतभर लोंबायचे. आधी एक आठवडा तिला मोठ्यांच्या वॉर्डात टाकून बघितलं होतं. तिथल्या आज्या दिवसभर तिच्याकडं बघून डोळे पुसायच्या आणि लग्न ठरलं होतं का म्हणून विचारायच्या. "इथं निदान कार्टून लागतात," इसल म्हणाली होती. ती जहाजबांधणीच्या पहिल्या वर्षाला होती. "मी पन्नास हजार टनांची जहाजं बांधणार आहे, आणि ही बाई मला सुई टोचल्यावर शाबासकीचं अस्वल देते." असं म्हणून ते अस्वलाचं स्टिकर ती कपाळावर लावायची आणि डॉक्टर फेरीवर आले की गंभीर चेहऱ्यानं त्यांच्याशी बोलायची. सोनजूचं रक्त बिघडलेलं होतं, इसलचं हाड. "तुझं काय, पातळ काम आहे," इसल म्हणायची, "माझं कसं ठोस आहे." सोनजू तिला ताई म्हणायची. सख्खी बहीण नव्हती तिला. दुपारी दोघींच्या आया खाटेखालच्या अरुंद बाकड्यांवर पाय मुडपून झोपल्या की सोनजू आणि इसल एकमेकींकडं तोंड करून पडायच्या आणि ओठांनी, आवाज न करता बोलायच्या.

आजाराबद्दलचं बोलणं मात्र बाहेर व्हायचं. "आई, जरा बाहेर येता का," एवढे शब्द आले की खोलीतली हवा घट्ट व्हायची. मग दाराच्या धुरकट काचेवर दोन सावल्या दिसायच्या, एक हलणारी, एक न हलणारी. न हलणारी नेहमी आईची. डॉक्टर ग्वाक तेवढे वेगळे. बत्तीस वर्षांचा माणूस, मागचे केस सदा उभे, स्टूल ओढून खाटेशी बसायचे आणि इसललाच विचारायचे, काय होतंय, काय हवंय. पण महत्त्वाचं काही असलं की आया त्यांनाही बाहेर घेऊन जायच्या, आणि ते जायचे.

सप्टेंबरात एका सकाळी सोनजू सलाइनचा खांब ढकलत गरम पाणी आणायला गेली. शेजारच्या चादरींच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. "फुप्फुसांत पसरलंय. दोन्हीकडे," ग्वाकांचा आवाज म्हणाला. "पाय काढला तरी आता फारसा उपयोग नाही, आई. आणि ती एकोणीस वर्षांची आहे. तिला सगळं सांगितल्याशिवाय मी तिला सहीसाठी कागद देणार नाही." मग इसलच्या आईचा आवाज, पुढं ढकलत, ढकलत. "पाय काढला की बरी होशील, एवढंच सांगायचं. बाकी एक शब्द नाही. कळलं तर ती जेवण टाकेल. मी तिला ओळखते. मी तुमच्या पाया पडते." आणि मग खरोखरच गुडघे फरशीवर टेकल्याचा आवाज आला. तो आवाज सोनजू कधी विसरली नाही. दोन गुडघे, एकापाठोपाठ एक. "उठा हो," ग्वाक म्हणाले, "मला दोन दिवस विचार करू द्या." सोनजूच्या हातातलं भांडं भरून वाहत होतं. पाणी तिच्या सपातांमध्ये गेलं, पण चटका बसला तो खोलीत परत आल्यावर.

हे इथपर्यंत सगळं सरळ होतं. पुढचं सतरा वर्षं तिच्या डोक्यात सरळ बसलं नाही. तीन दिवस ती गप्प राहिली. इसलनं दिलेला नासपतीचा तुकडा तिनं खाल्ला नाही, इसलच्या विनोदांना हसली नाही. आणि शुक्रवारी इसलच्या कॉलेजातल्या तीन मैत्रिणी आल्या, मास्क लावून, रांगेत उभ्या. त्यांच्या अंगाला बाहेरच्या हवेचा, बसचा, केसांच्या साबणाचा वास होता. इसल त्यांच्याशी वेगळ्याच आवाजात बोलत होती. कुठल्याशा प्राध्यापकाची नक्कल झाली, सोनजूही हसली, आणि मैत्रिणींनी विचारलं, ही कोण? "ही? हे आमच्या वॉर्डातलं बाळ," इसल म्हणाली. "हिला अजून काही कळत नाही." तिघी हसल्या. एकीनं सोनजूच्या टकलावरून हात फिरवला, कुत्र्याच्या पिलावरून फिरवावा तसा. त्या गेल्यावर सोनजू म्हणाली, "मला कळतं." "काय कळतं तुला?" "तुझ्यापेक्षा जास्त." आणि तिनं सांगितलं. ऐकलेले शब्द, ऐकलेल्या क्रमानं, वर्गात उभं राहून उत्तर द्यावं तसं. दोन्हीकडे, हा शब्दसुद्धा. सांगून होईपर्यंत तिला आतून एक गोड ऊब वाटत होती, आणि सांगून झाल्या झाल्या ती गेली.

दुसऱ्या दिवशी इसलनं पाय काढू द्यायचा नाही म्हणून सांगितलं, औषधही पुरे, घरी जायचं म्हणाली. भर कॉरिडॉरमध्ये तिच्या आईनं ग्वाकांच्या कोटाची कॉलर धरली. "तुम्हीच सांगितलंत! मी गुडघ्यांवर बसले होते, तरी सांगितलंत!" आणि त्यांच्या थोबाडीत मारली. इसलला तेव्हा खाली एक्स-रेला नेलं होतं, आणि खोलीचं दार उघडं होतं. ग्वाकांनी बाईंच्या खांद्यावरून आत बघितलं, सरळ सोनजूकडं, क्षणभरच, आणि मान खाली घातली. नाही म्हणाले नाहीत. तक्रार झाली. बर्फ पडायच्या सुमाराला ते त्या रुग्णालयात नव्हते. इसल त्याआधीच घरी गेली होती. जानेवारीत ती वारली, हे एका नर्सनं सोनजूच्या आईला सांगितलं, दाराबाहेर. धुरकट काचेवरची न हलणारी सावली या वेळी सोनजूच्या आईची होती, आणि आत सोनजूला सगळं कळलं होतं.

ती बरी झाली. शाळा दोन वर्षं उशिरा संपवली, चष्म्याचं शिक्षण घेतलं. पण ज्या ज्या खोलीत ती राहिली तिथं तिनं खाट अशी लावली की उजवी बाजू भिंतीला टेकेल. उजव्या बाजूला हातभर जागा मोकळी राहिली तर तिथं कुणीतरी कुशीवर वळायचं. आवाज यायचा असं नाही. फक्त कुणीतरी बोलायचं थांबून बघतंय असं वाटायचं, पापण्या न मिटता. एक चांगला माणूस तिच्या आयुष्यात तीन वर्षं होता. जाताना म्हणाला, "तू माझ्याकडं पाठ करून झोपतेस असं मला वाटायचं. आता कळलं, तू भिंतीला चिकटतेस." त्याला तिनं काही सांगितलं नाही. ताईला कळण्याचा हक्क होता म्हणून मी सांगितलं, असं ती कधी स्वतःला सांगायची, आणि त्याच संध्याकाळी टकलावरून फिरलेला तो हात आठवायचा. बुधवारी काचा घासताना तिच्या मनात आलं, चष्मा पोस्टानं पाठवून द्यावा. पत्ता होताच. डबीवर तिनं पत्ता लिहिलाही. मग तो खोडला.

गुरुवारी बाई आल्या तेव्हा मालक जेवायला गेले होते. सोनजूनं चष्मा त्यांच्या कानांवर बसवला, दांड्या तपासल्या, आणि हात काढून न घेताच म्हणाली, "इसलला मी सांगितलं होतं."

नव्या काचांमधून बाई सोनजूकडं बघत राहिल्या, कपाळापासून हनुवटीपर्यंत आणि परत. "तू ती पलीकडच्या खाटेवरची," त्या शेवटी म्हणाल्या. "वाफवलेल्या पावासारखं तोंड होतं तुझं." मग, "जगलीस होय." ते कसं म्हटलं हे सोनजूला कळलं नाही, पुढंही कधी कळलं नाही.

"डॉक्टरांनी नव्हतं सांगितलं. मी चादरींच्या खोलीबाहेर ऐकलं होतं. आणि मावशी, मी रागात सांगितलं. तिनं मैत्रिणींसमोर मला बाळ म्हटलं, म्हणून."

"होतीसच बाळ," बाई म्हणाल्या. त्यांनी स्टूल चाचपलं आणि बसल्या. पर्स मांडीवर उभी धरली. आता त्या ओरडतील, किंवा मारतील, असं सोनजूला वाटलं, आणि तसं व्हावं असंही वाटलं. बाईंनी विचारलं, "ती काय म्हणाली? तू सांगितल्यावर. पहिलं काय म्हणाली?"

हे तिला कुणी कधी विचारलं नव्हतं. आजवर ती आपल्याच तोंडून निघालेल्या शब्दांभोवती फिरत होती. त्यानंतर इसल काय बोलली ते तिनं कधी बाहेर काढूनच बघितलं नव्हतं. आणि ते तिथं होतं, जसंच्या तसं. "तिनं आधी खाटेखाली वाकून बघितलं. तुम्ही झोपला होता. मग ओठांनी म्हणाली, 'म्हणजे आई तीन दिवस हे एकटीच घेऊन फिरतेय?'"

बाईंच्या हातातली पर्स आडवी झाली.

"आणि मग म्हणाली, 'मला कळलंय हे तिला कळू देऊ नकोस. मी पायासाठी हट्ट धरलाय असंच वाटू दे.'"

"पण मला कळलंच की," बाई म्हणाल्या. "तिच्या डोळ्यांवरूनच कळलं." "तिला वाटत होतं मला कळलेलं नाही. म्हणून मीही तसंच दाखवलं. चार महिने आम्ही दोघी पायावरून भांडत बसलो. मी म्हणायची, पायापायी जीव घालवतेस. ती म्हणायची, माझे पाय छान आहेत, तुला जळायला होतं." त्यांनी चष्मा काढला, पुसला नाही, नुसता हातात धरला. "मला वाटायचं, मी खोटं बोलले म्हणून ती रागावून गेली." रस्त्यावरून एक भाजीवाला ध्वनिक्षेपकावर लसूण-कांदा ओरडत गेला. तो पार दूर जाईपर्यंत त्या बसून होत्या. "आणि त्या माणसाच्या मी तोंडात मारली. तू बघितलंस?"

"बघितलं."

"बघून गप्प बसलीस."

"हो."

"शनिवारी रजा काढ," बाई म्हणाल्या. "तो डॉक्टर उइसोंग गावात असतो. मला पत्ता माहीत आहे. पहिली काही वर्षं मी दर जानेवारीत त्याला पत्र टाकायची. आत काही नाही. नुसती तारीख."

उइसोंगची बस तासाभराची. दोघी शेजारी बसल्या. बाईंनी एकदा उकडलेलं अंडं सोलून अर्धं तिच्या हातावर ठेवलं, मीठ कागदात बांधून आणलेलं होतं. सोनजूला ते गिळवेना आणि नाकारवेनाही. गावात मुलं उरली नव्हती. दवाखान्यावर बालरोगतज्ज्ञ अशी पाटी होती आणि आत बाकांवर सगळे म्हातारे बसले होते, गुडघे धरून, लसणाच्या शेतातल्या मातीनं भरलेले बूट घालून. ग्वाकांचे मागचे केस अजून उभेच होते, पण पांढरे. बाई आत शिरल्या आणि काही न बोलता कमरेतून वाकल्या, इतक्या की सोनजूला वाटलं त्या पडतील. ग्वाक खुर्ची मागं ढकलून उठले. "इसलची आई," ते म्हणाले.

"हिनं सांगितलं होतं," बाई वाकलेल्याच म्हणाल्या.

ग्वाकांनी सोनजूकडं बघितलं. "माहीत आहे. त्या दिवशी हिच्या सपाता ओल्या होत्या. आधी उठा."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

ग्वाक अजून सोनजूकडंच बघत होते. सतरा वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी त्या मुलीला चेहऱ्यावरूनच ओळखलं होतं. "हिच्या औषधाच्या चार फेऱ्या उरल्या होत्या," ते म्हणाले. "हे ओझं घेऊन हिला त्या झेपल्या नसत्या. आणि आई, ते सांगायचं काम माझं होतं. मी दोन दिवस मागितले आणि तीन घेतले. मी भ्यालो. या पोरीला बोलावं लागलं ते मी बोललो नाही म्हणून." बाईंनी तोंड फिरवलं आणि भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्याकडं बघत उभ्या राहिल्या. तुम्हाला माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत. मला माफ करा असंही नाही. पण जायलाही निघाल्या नाहीत.

ग्वाकांनी स्टूल ओढलं आणि सोनजूसमोर बसले. "तुमचं हृदय कोण तपासतं?"

तिला प्रश्न कळला नाही. "माझं रक्त बिघडलं होतं. हृदयाला काही नव्हतं."

"सलाइनमधून ते लाल औषध तुम्हाला पुष्कळ दिलं होतं. दहापंधरा वर्षांनी काहींच्या हृदयावर त्याचा परिणाम दिसतो. दरवर्षी बघायला लागतं. कुणी सांगितलं नाही?"

"मुलांच्या वॉर्डानं विसाव्या वर्षी सोडलं," सोनजू म्हणाली. "मोठ्यांच्या विभागात गेले तर म्हणाले, तुमचा आजार बरा झालाय, इथं कशाला येता. मग मी कुठंच गेले नाही."

"जिने चढताना दम लागतो?"

लागत होता, दोन वर्षं. तिनं तो वयावर, दुकानातल्या बैठ्या कामावर ढकलला होता. ग्वाकांनी नळी कानाला लावली, टोक हाताच्या तळव्यावर घासून ऊन केलं आणि तिच्या छातीवर ठेवलं. "श्वास घ्या. सोडा. आता बोलू नका." बाहेर कुणी म्हातारा खोकला. ग्वाक एका जागी थांबले, सरकले, आणि पुन्हा त्याच जागी आले. तिथं बराच वेळ थांबले. सोनजूनं त्यांच्या चेहऱ्याकडं बघितलं नाही; ती बाईंच्या पाठीकडं बघत होती. ती पाठ हळूहळू ताठ झाली होती.

ग्वाकांनी नळी कानांतून काढली. सवयीनं त्यांची नजर बाईंकडं गेली, आणि त्यांच्यामागच्या दाराकडं. बाई वळल्या. त्यांनी सोनजूचा कोट खुर्चीवरून उचलून हातावर घेतला, दुसऱ्या हातानं दाराची मूठ धरली आणि विचारलं, "मी बाहेर थांबू का गं?"

"नको," सोनजू म्हणाली. "बसा."

बाई बसल्या, कोट मांडीवर घेऊन. ग्वाकांनी स्टूल आणखी जवळ ओढलं. "ठोक्यात मला एक जास्तीचा आवाज येतोय," ते सोनजूकडं बघून म्हणाले. "तो काय असू शकतो आणि काय नसू शकतो, ते सगळं सांगतो. समजलं नाही तिथं मला थांबवा." आणि ते सांगू लागले.